केर काढत नाही, व्हॅक्युम करतो

लग्नाला २७ वर्षं झाली. एवढ्या काळात नवऱ्याच्या हातात केरसुणी मी तीनदा पाहिली. एकदा स्वयंपाकघरात पाल निघाली तेव्हा. दुसऱ्यांदा तीच पाल बाथरूममध्ये पोचली तेव्हा. आणि तिसऱ्यांदा एका दिवाळीत, लक्ष्मीपूजनाची नवी केरसुणी आणायला मला सवड झाली नाही म्हणून तो स्वतः बाजारात गेला तेव्हा. ती त्याने वर्तमानपत्रात अशी काही गुंडाळून आणली होती की लिफ्टमध्ये शेजारच्या काकांनी विचारलं, "निशिगंध का?" आणि हा "हो" म्हणाला.

त्यामुळे गेल्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी हाच माणूस हॉलमध्ये ताठ उभा राहून दिवाणाखालचा केर काढताना दिसला, तेव्हा सासूबाईंच्या हातातली जपाची माळ थांबली.

"अरे, तू केर काढतोयस?"

"केर नाही काढत, आई. व्हॅक्युम करतोय."

खरं म्हणजे या एका वाक्यात सगळं आलं. पण घरातून साठ हजार रुपये गेलेत, तेव्हा मी सविस्तरच सांगणार.

आम्ही ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर राहतो. इथल्या माणसाला धूळ म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. एकीकडे मेट्रोचं काम, दुसरीकडे कुठला ना कुठला टॉवर वर चाललेला. सकाळी पुसलेल्या टीव्हीच्या टेबलावर दुपारी बोटाने सही करता येते. तेव्हा धूळ ओढणारं यंत्र घ्यावं हा विचार वावगा नव्हता, हे मी आधीच मान्य करते. प्रश्न विचाराचा नव्हता, अभ्यासाचा होता. मुलीच्या दहावीला जेवढा केला नाही तेवढा अभ्यास नवऱ्याने या खरेदीसाठी केला. तीन महिने रात्री उशापाशी मोबाइल उजळलेला. एकदा मध्यरात्री मला हलवून म्हणाला, "अगं, वॅटवर जायचंच नसतं!"

मी म्हटलं, बरं, नाही जात.

सकाळी उलगडा झाला. वॅट हा आकडा यंत्र वीज किती खातं ते सांगतो, धूळ किती ओढतं ते नव्हे. जावई किती जेवतो यावरून तो कामाला किती वाघ आहे ते कळत नाही, तसंच. युरोपने तर २०१४ साली कायदाच केला की घरगुती व्हॅक्युम क्लीनर १६०० वॅटच्या वर नको, आणि २०१७ मध्ये ती मर्यादा ९०० वर आणली. तरी तिथले गालिचे काही अंगणात काठीने झोडपायची वेळ आलेली नाही. हे सगळं मला चहाबरोबर मिळालं. बिस्किटं मात्र मीच काढली.

मग दुकान. तिथे काळा टीशर्ट घातलेला एक गोड मुलगा होता. त्याने एका छोट्या गालिच्यावर पांढरी भुकटी ओतली, वर मूठभर कॉर्नफ्लेक्स टाकले आणि एका फटक्यात सगळं गायब करून दाखवलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर जादूचे प्रयोग पाहणाऱ्या पोराचं हसू आलं. मी विचार करत होते, कॉर्नफ्लेक्स कोणाच्या घरी सांडतात? आमच्याकडे सांडतात ते चुरमुरे, पोहे, शेंगदाण्याची सालं आणि लसणाची सालं. पैकी लसणाचं साल म्हणजे एक स्वतंत्र प्राणी आहे. झाडूचा वारा लागला की ते चार बोटं पुढे सरकतं आणि तिथे थांबून आपली वाट बघतं.

"लसणाची सालं ओढतो का हा?" मी विचारलं.

मुलगा क्षणभर गडबडला. मग म्हणाला, "मॅम, हा ऑल सरफेस आहे."

गालिचा आमच्या घरात एकच आहे, तो पलंगाखाली गुंडाळून ठेवलेला असतो. पण तोवर कार्ड मशीनमध्ये गेलं होतं.

यंत्राच्या कंपनीचं नाव मी सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे त्यात यंत्राचा दोष किती आणि नवऱ्याचा किती याचा हिशेब अजून लागलेला नाही.

खोका उघडला तेव्हा आत खोकी होती, आणि त्या खोक्यांत मिळून ११ वस्तू निघाल्या. मुख्य यंत्राला पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल खाऊन-पिऊन वाढलं तर जसं दिसेल तसं. त्याला लांब नळी, नळीला मोटरवालं डोकं. शिवाय फटीत घालायचं चपटं तोंड, मऊ केसांचा ब्रश, गादीवरचे किडे ओढायचं वेगळं डोकं, गाडीच्या सीटसाठी वेगळं, फरशी ओली पुसायचं वेगळं, आणि छतापर्यंत पोचावं म्हणून वळणारा एक कोपर. पुस्तिकेत या सगळ्यांना भारदस्त नावं होती. सासूबाईंनी दोन दिवसांत त्यांचं बारसं केलं: चोच, दाढीचा ब्रश, ढेकण्या, पोतेरं. आता घरात हीच नावं चालतात. नवराही हापिसातून फोन करून विचारतो, "चोच सापडली का?"

या वस्तूची रचना ज्याने केली त्याला मी मनापासून मानते. धूळ ओढण्याबद्दल नव्हे, ते पंखासुद्धा करतो, उलट्या बाजूने. मानते ते अशासाठी की आपण केर काढतोय असं पुरुषाला एका क्षणासाठीही वाटू नये, याची त्याने पुरेपूर काळजी घेतली आहे. वाकायचं नाही. घोडा दाबायचा. आवाज मोटारसायकलचा. समोर पडदा, त्यावर आकडे. केरसुणीला यातलं काय आहे? ती शिंदीच्या पानांची, कमरेत मोडायला लावणारी, आवाज नाही, आकडा नाही. वर्षातून एकदा तिला हळदकुंकू वाहायचं, लक्ष्मी म्हणायचं, आणि बाकीचे ३६४ दिवस पाहुण्यांना दिसू नये म्हणून दाराआड ठेवायचं. हे यंत्र मात्र हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, भिंतीला दोन भोकं पाडून टांगलं गेलं. चार्जिंगचा दिवा लुकलुकतो. मी लग्नात आणलेली वारली चित्राची फ्रेम त्यासाठी पॅसेजमध्ये गेली.

गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात पुरुषाने झाडू हातात घेण्यात खरं तर कमीपणा वाटायला नको. दिवसा खराट्याने गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी, असा त्यांचा क्रम. पण बाबा झाडायचे गाव. घर झाडायचं काम त्यांनी आमच्या पुरुषांवर सोडलं होतं, आणि हा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

यंत्र आलं त्या आठवड्यात आम्ही रोज रात्री जेवताना इतिहास ऐकला. लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा इंजिनिअर होता. त्या काळची धूळ काढायची यंत्रं हवा फुंकायची, म्हणजे धूळ इथून उठवून तिथे बसवायची. बूथने असं एक प्रात्यक्षिक पाहिलं आणि त्याला वाटलं, फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाहीत? पुढे एका उपाहारगृहात बसला असताना त्याने खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागला, पण रुमालावर धुळीचा डाग उमटला. १९०१ साली त्याने पेटंट घेतलं.

"हॉटेलातल्या खुर्चीला तोंड लावलं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्यापुरता इतिहास तिथेच संपला. त्यांनी ताटात पाणी घातलं आणि उठल्या.

मला मात्र पुढचं आवडलं. बूथचं यंत्र घोड्यांनी ओढायच्या गाड्याएवढं होतं. ते रस्त्यात उभं करायचे आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडायचे. आवाजाने रस्त्यावरचे घोडे बुजत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे या यंत्राने साफ केले होते. आणि गंमत म्हणजे नळ्यांचा काही भाग पारदर्शक ठेवलेला असे, आतून धूळ जाताना दिसावी म्हणून. लंडनच्या बड्या बायका मैत्रिणींना चहाला बोलावून तो देखावा दाखवत. सव्वाशे वर्षं होऊन गेली. आमच्या यंत्राचा धुळीचा डबाही पारदर्शकच आहे, आणि चहाला लोक आमच्याकडेही बोलावले जातात.

दुसऱ्या रात्री जेम्स मरे स्पँगलर. हा अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका मोठ्या दुकानात झाडलोट करायचा. दम्याचा त्रास, आणि काम धुळीत. शेवटी त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवलं. १९०८ मध्ये पेटंट मिळालं. ते वापरून पाहिलं सुझन हूवर या बाईने, तिला पटलं, तिने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने हक्क विकत घेतले, आणि मग इंग्लंडमध्ये व्हॅक्युम करण्याच्या क्रियेलाच हूवर म्हणू लागले. पाहा, वापरलं कोणी आणि नाव कोणाचं झालं. उशीचा अभ्रा घेताना स्पँगलरने बायकोला विचारलं होतं का, हे मी नवऱ्याला विचारलं. त्याच्या अभ्यासात ते नव्हतं.

तिसरी रात्र जेम्स डायसनची. या इंग्रज गृहस्थाला लाकडाच्या गिरणीत भुसा वेगळा करणारा उंच शंकू दिसला. हवा आत गरगर फिरते, जड भुसा कडेला फेकला जातो आणि खाली पडतो. म्हणजे आपली वैशाखातली वावटळच, फक्त डब्यात कोंडलेली. त्याआधीच्या यंत्रांना पिठाच्या गिरणीच्या तोंडाला बांधतात तसली पिशवी असायची, ती धुळीने चोंदली की ओढ कमी व्हायची. वावटळीला पिशवीच लागत नाही. ते यंत्र जमेपर्यंत डायसनने ५,१२७ नमुने केले. इथे नवरा घास हातात धरून थांबला. डोळ्यांत पाणी होतं म्हटलं तरी चालेल.

"पाच हजार एकशे सत्तावीस! याला म्हणतात चिकाटी."

"आणि तोवर घर कशावर चाललं?"

"त्याची बायको चित्रकला शिकवायची. तिचा पगार होता."

मी काही बोलले नाही. पाच हजार एकशे सव्वीस वेळा जमलं नाही, तेव्हा वर्कशॉपमधून आलेल्या माणसाच्या बुटांना लागलेला भुसा घरात कोणी झाडला, एवढंच मनात येऊन गेलं.

आता खुद्द यंत्राबद्दल. त्याच्या डोक्यातून फरशीलगत एक हिरवा प्रकाश पडतो आणि त्यात न दिसणारी धूळ दिसायला लागते. नवऱ्याने ट्यूबलाइट घालवून तो प्रकाश पहिल्यांदा सोडला तेव्हा मी खरंच घाबरले. सकाळीच कामाच्या मावशींनी झाडू-लादी केलेली, आणि हिरव्या उजेडात फरशी अशी दिसत होती की जणू शेजारच्या टॉवरचा चौदावा मजला आमच्या हॉलमध्ये चालला आहे. सासूबाई मात्र शांत. "त्यात काय, कवडशात दिसते तशीच आहे," म्हणाल्या. तत्त्व अगदी तेच आहे: तिरपा प्रकाश, लांब सावली. फरक इतकाच की कवडसा सकाळी अर्धा तास येतो आणि जातो. हा घोडा दाबला की येतो.

शिवाय पडद्यावर मोजणी. कण आत जाताना आपटतात, त्या आपटण्यावरून यंत्र त्यांचा आकार ओळखतं आणि बारीक, मध्यम, मोठे अशा रांगा उभ्या करतं. मागे हेपा फिल्टर आहे. ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के तो अडवतो. आपला केस ७० मायक्रॉन जाड धरला तर हा कण त्याच्या दोनशेव्या भागाहून लहान. आजवर आमच्या घरात धूळ एकच होती, "किती धूळ झालीय" यातली. आता तिला जाती-पोटजाती झाल्या. रविवारी रात्री नवरा झोपण्यापूर्वी मला आकडे सांगतो. गेल्या आठवड्यापेक्षा बारीक कण कमी असतील तर त्याला झोप छान लागते. मी उरलेल्या ०.०३ टक्क्यांचा विचार करत पडते.

पुस्तिकेत लिहिलं होतं, एका चार्जमध्ये ६० मिनिटं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही ६० मिनिटं सर्वांत हळू ओढण्याची. नवऱ्याला हळू चालवणं जमत नाही, गाडीही नाही आणि हेही नाही. पूर्ण जोरावर ते आमच्याकडे नऊ मिनिटं चालतं. त्यामुळे तो धावत व्हॅक्युम करतो. आधी जमिनीवरच्या चपला, टीपॉय, वर्तमानपत्रं, सासूबाईंचं पाटावरचं वाचन, हे सगळं मी उचलून ठेवायचं, मग "रेडी?" अशी हाक, मग नऊ मिनिटं. दहाव्या मिनिटाला बेडरूमच्या उंबरठ्यात यंत्र निपचित. उरलेली बेडरूम मावशी सकाळी झाडतात.

देवघराचा प्रसंग सांगितला नाही तर सासूबाई मला माफ करणार नाहीत. जूनमध्ये एका रविवारी त्या नातेवाइकांकडे गेल्या असताना नवऱ्याला देवघराच्या फटीतली जळमटं दिसली. त्याने चोच लावली. देव हलवायला हवे होते, पण नऊच मिनिटं असतात. मला आतून आधी टपटपटप आवाज ऐकू आला. त्या अक्षता. पडद्यावर मोठ्या कणांची रांग एकदम वर गेली म्हणून तो खूश झाला. मग डब्यात वर्षभराच्या फुलवातींपैकी दहा-बारा फुलवाती गरगर फिरायला लागल्या, अगदी त्या वावटळीच्या तत्त्वानुसार. आणि मग आवाज बदलला. घशात काही अडकल्यावर माणसाचा होतो तसा. मी धावत आले. चोचीच्या तोंडाला रांगता बाळकृष्ण चिकटला होता. हातात लोणी, चेहऱ्यावर हसू, पाय आत. नवऱ्याला घोडा सोडायचं सुचेना, उलट देव पडेल म्हणून त्याने तो घट्ट दाबून धरला होता.

बाळकृष्णाला पंचामृताने स्नान घातलं. सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नाही. पण संध्याकाळी फुलवाती मोजून त्यांनी वर पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "हा मेला उपाशी होता वाटतं." तेव्हापासून यंत्र घरात पुल्लिंगी झालं आणि देवघराला पडदा लागला.

खरा घोटाळा पुढे झाला. एका शनिवारी नवरा यंत्र पिशवीत घालून डोंबिवलीला बहिणीकडे गेला. मीही बरोबर होते, हे मला नाकारता येणार नाही.

तिथलं सांगण्याआधी थोडं मागचं. आमच्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, व्हॅक्युम क्लीनर दारावर विकायला येई. १९८२ साली युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि तिने या दारोदार विक्रीचा पायंडा पाडला. बघता बघता इतरही आले. आमच्या इमारतीत आलेला मुलगा कोणत्या कंपनीचा होता ते आता आठवत नाही. मे महिन्यात गळ्यात टाय होता, एवढं आठवतं. त्याने आमची गादी यंत्राने ओढली, तोंडाला काळं फडकं लावून. मग ते फडकं आईसमोर पसरलं. त्यावर पांढरी भुकटी. "काकू, यावर तुम्ही रोज झोपता." आईने आयुष्यभर ज्या गाद्या दर मेमध्ये गच्चीवर वाळवल्या, त्यांच्याबद्दल परक्या मुलाने असं बोलावं! आईने त्याला पन्हं दिलं, यंत्र घेतलं नाही, आणि तो गेल्यावर रात्रभर खाली चटईवर झोपली.

डोंबिवलीला नवऱ्याने नेमकं तेच केलं. वन्संनी मोठ्या हौसेने थालीपिठं लावली होती. हा हात धुऊन थेट त्यांच्या बेडरूममध्ये. ढेकण्या लावला. पाच मिनिटांनी पारदर्शक डबा हातात धरून बाहेर आला आणि सगळ्यांसमोर, म्हणजे वन्संच्या नव्या विहिणीसमोर, म्हणाला, "ताई, हे बघ. एका गादीतून!"

डब्यात चार बोटं राखाडी पीठ होतं. विहीणबाईंनी ते चष्मा लावून पाहिलं.

वन्सं आमच्याशी पाच आठवडे बोलल्या नाहीत. गणपतीत आल्या त्याही घरून स्वतःची सतरंजी घेऊन.

मावशींचं आणि यंत्राचं पहिल्या दिवसापासून वेगळं नातं. यंत्र आलं त्या सोमवारी नवऱ्याने रजा काढून त्यांना प्रात्यक्षिक दाखवलं. मावशी पदर खोचून, झाडू काखेत धरून नऊ मिनिटं उभ्या राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "झालं का दादा? मग मी झाडून घेते." आणि बारा मिनिटांत सगळं घर झाडून त्यांनी सुपलीत जे काही गोळा केलं, त्यात लसणाची सालं होती.

मग त्यांनी किंमत विचारली.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"ऑफरमध्ये होतं," तो म्हणाला.

"ऑफरमध्ये केवढ्याला?"

"वीस... वीसेक हजार."

"माझ्या पोराने मोबाइलवर दाखवलं, साठ लिहिलंय," मावशी म्हणाल्या, अगदी सहज. आमच्याकडे झाडू-लादीचे त्या १५०० घेतात. हिशेब त्यांनी तोंडीच केला. "म्हणजे माझे चाळीस महिने." मग यंत्राकडे नीट बघून विचारलं, "हा सुट्टी घेत नाही का?"

"नाही!" नवऱ्याला बोलायला जागा मिळाली. "हाच तर फायदा आहे."

जुलैमध्ये फिल्टर धुवायची वेळ झाली. महिन्यातून एकदा तो धुवायचा आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावायचा नाही, निदान २४ तास. पुस्तिका लिहिणारा ठाण्याच्या पावसात राहत नसावा. पहिल्या दिवशी फिल्टर गॅलरीत दोरीवर, पायमोज्यांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी पंख्याखाली. तिसऱ्या दिवशी फ्रिजच्या मागे, जिथे गरम हवा येते तिथे. चौथ्या दिवशीही दाबला की ओला. मावशी रोज येत होत्या, भर पावसात छत्री घेऊन, आणि रोज भिंतीवरच्या मुडद्याकडे बघून विचारत होत्या, "आजपण सुट्टीवर?"

ऑगस्टपासून मी त्यांचे तीनशे वाढवले. हे नवऱ्याला सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

आणि यंत्राची स्वतःची उस्तवार वेगळीच. त्याच्या फिरत्या डोक्याभोवती माझे आणि मुलीचे केस असे आवळून बसतात की दर पंधरा दिवसांनी ब्लाउज उसवायच्या कात्रीने ते कापावे लागतात. डबा उघडायचा तर बटण दाबताच तळ खाली पडतो आणि सगळी धूळ धप्पकन बाहेर. पहिल्यांदा नवऱ्याने तो गॅलरीतून, कुंड्यांवर रिकामा करायचा प्रयत्न केला. मे महिना, वारा होता, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. पुढचं लिहीत नाही. त्या वर्षीच्या कुरडया त्यांना आम्ही विकत आणून दिल्या.

खोटं कशाला बोलू, यंत्र वाईट नाही. सोफ्याच्या फटीतून त्याने जे काढलं त्यात माझ्या कुड्याची फिरकी होती, जी हरवल्याचा आळ मी तीन वर्षांपूर्वी मुलीवर घेतला होता. डबा पारदर्शक होता म्हणून ती दिसली. झाडूने कचऱ्यात गेली असती. सासूबाईंचा सकाळचा खोकला पावसाळ्यात यंदा कमी होता, याचं श्रेय नवरा फिल्टरला देतो आणि सासूबाई ज्येष्ठमधाला. पडदे, गाडीच्या सीटा, पलंगाखालचा तो गुंडाळलेला गालिचासुद्धा, आता साफ असतो. आणि २७ वर्षांनी का होईना, दर रविवारी सकाळी नऊ मिनिटं आमच्या घरात एक पुरुष केर काढतो. आपण तो काढतोय हे त्याला कळलेलं नाही. तुम्ही कोणी भेटलात तर कृपा करून सांगू नका.

यंत्राचा मोठा खोका माळ्यावर ठेवला आहे. वॉरंटीची दोन वर्षं संपेपर्यंत टाकायचा नाही असं ठरलंय. त्यावर आता चांगली बोटभर धूळ बसली आहे. कोपर, लांब नळी आणि चोच सगळं जोडून पाहिलं, तिथे पोचायला वीतभर कमी पडतं.